परतीची चार पानं

आमच्या ह्यांनी जंगलावर कादंबरी लिहायला घेतली तेव्हा त्यांनी जंगल पाहिलेलं नव्हतं. लग्नानंतर एकदा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलो होतो, तिथे माकडाने आमची भेळ पळवली होती. एवढ्या शिदोरीवर या माणसाने पाच जणांची मोहीम पार विदर्भात, चांद्याकडच्या एका खोऱ्यात पाठवून दिली. तिथे जायला तीनशे वर्षांपूर्वी राजाने बंदी घातलेली आणि गेलेला कोणी परत आलेला नाही. कादंबरीचं नाव 'काळदरीचा सातवा दगड'. त्या दगडाखाली काय आहे, हे शेवटच्या प्रकरणापर्यंत लेखकालाही ठाऊक नव्हतं.

मी अरुणा. हे म्हणजे मधुकर, तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. एकोणनव्वद साली आम्ही परळची दहा बाय बाराची खोली सोडून कळंबोलीत सिडकोच्या घरात आलो. दोन खोल्या, घरात नळ, घरातच संडास. पहिले आठ दिवस मी उगाचच या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. खिडकीबाहेर मोकळं माळरान, त्याच्यापलीकडे डोंगर, आणि संध्याकाळी असा वारा सुटायचा की स्टोव्ह पेटायचा नाही. दुकान एकच, त्यात साबण असला तर साखर नसायची. तेव्हा आम्ही रोज कुरकुरायचो. आता त्या दिवसांची इतकी आठवण येते की कधीकधी वाटतं, आपण कुरकुरलो ती माणसं वेगळीच असावीत.

ह्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे. त्यामुळे सुवाच्य प्रत करायचं काम माझं. दुपारी जाई शाळेत गेली की मी जेवणाचं आवरून, कार्बन घालून बसायची. लिहिता लिहिता थोडी डागडुजीही करायची. नायिका तीन दिवस रानात भटकते आणि तिचा अंबाडा सुटत नाही, हे मला पटेना, म्हणून मी तो सोडून टाकला. ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

गिरगावात श्यामसुंदर नावाचे एक प्रकाशक होते. लायब्ररीत फिरणाऱ्या रहस्यकथा काढायचे. त्यांनी वही वाचून परत पाठवली, सोबत कार्ड. 'रहस्य उत्तम. पण तुमच्या जंगलात डास नाहीत, चिखल नाही, आणि वाघ प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ड्यूटीवर असल्यासारखा हजर होतो. एकदा जंगल बघून या आणि पुन्हा लिहा. छापतो.'

हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्यांनी नामदेवला सांगितलं.

नामदेव म्हणजे ह्यांच्या प्लांटवरचा ऑपरेटर, तिथल्याच नावडे गावचा. त्याच्या घरची भातशेती कारखान्यांच्या जागेत गेली आणि त्या बदल्यात त्याला नोकरी मिळाली. दोघं सात वर्षं एकाच बाकावर बसून डबा खायचे. आमच्या डब्यातली अळूची वडी त्याला, त्याच्या डब्यातला सुका जवळा ह्यांना. घरी मी जवळा करत नसे, त्यामुळे ही मैत्री फार घट्ट होती.

नामदेव म्हणाला, "चांद्याला कनाला जाता? आमच्या चेडोबाचा रान हाय ना. पन आत कोनी जात नाय. आयशीला इचारावा लागेल."

चेडोबा हा त्यांचा राखणदार देव. त्याचं रान डोंगराच्या पोटात. तिथलं लाकूड तोडायचं नाही, वाळकी काडीसुद्धा आणायची नाही, आणि परक्याने तर पाऊलही टाकायचं नाही. ते राखायचा मान नामदेवच्या घराकडे होता, आणि घरात त्याची आई पुतळाबाई हिच्याकडे. चैत्रातल्या जत्रेला पहिला दिवा तिने लावायचा, मग बाकी गावाने. तिच्या सासूने तो लावलेला, त्या सासूच्या सासूने लावलेला.

हे परवानगी मागायला एकटेच गेले. पुतळाबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "एकला मानूस रानात जातो तो कायतरी न्यायाला. बायकोला घेऊन ये, मंग बघू."

अशी माझी त्या मोहिमेत भरती झाली.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, ह्यांच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी आम्ही गेलो. नेमकं कुठून ते विचारू नका. का, ते पुढे कळेल. पुतळाबाई सत्तरीच्या, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं. आमच्या चपला त्यांनी एका झुडपाखाली ठेवायला लावल्या. मग दोन नियम सांगितले. आत कोणाला नावाने हाक मारायची नाही, चेडोबाला नाव कळलं की तो ठेवून घेतो. आणि आतलं काही बाहेर आणायचं नाही.

पहिल्या नियमाने ह्यांची पंचाईत झाली. दर दहा पावलांवर "अरु..." करून जीभ चावायचे. मला काहीच त्रास झाला नाही. पंधरा वर्षांच्या संसारात मी त्यांचं नाव उखाण्याबाहेर घेतलं नव्हतं.

पुतळाबाईंनी आम्हाला मुद्दाम फिरवून फिरवून नेलं. एकच ओढा तीनदा ओलांडला. ह्यांना वाटलं ओढे तीन आहेत, त्यांनी वहीत तसं टिपूनही घेतलं. आणि मग एकदम ऊन बंद झालं. वर बघितलं तर आकाश नाही, नुसती पानं. माझ्या मांडीएवढा जाड गारंबीचा वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला, खाली घोटाभर पाचोळा, आणि पाचोळ्याखालून ओल अनवाणी पायांना लागत होती. जानेवारी महिना, पण डास होते. ह्यांनी आनंदाने तेही टिपलं.

मधे सात दगड होते, ह्यांनी न बघताच लिहिले होते तितकेच. शेंदूर लावलेले, ओळीत नाही, वेडेवाकडे. मी हात जोडले. काय मागावं ते मला सुचलं नाही, कारण त्या घटकेला मला काही कमी आहे असं वाटतच नव्हतं. असं मला आयुष्यात दोनदा वाटलंय, एकदा जाईच्या जन्माच्या वेळी आणि एकदा तिथे. तेवढ्यात लांबून साडेतीनचा भोंगा वाजला. तळोज्याचाच. ह्यांचा हात आपसूक खिशाकडे गेला, पंचिंगचं कार्ड काढायला. पुतळाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

परतताना मात्र त्यांनी सरळ वाटेने आणलं, पाऊण तास गेला त्याच्या जागी वीस मिनिटांत बाहेर. रानाच्या कडेला मला उभं केलं, खाली बसल्या आणि माझ्या साडीच्या काठाला चिकटलेली कुसळं एकेक काढून मागे टाकली. माझी आई गेल्यानंतर माझ्या पायाशी असं कोणी बसलं नव्हतं.

उठताना त्या ह्यांना म्हणाल्या, "लिव काय लिवायचा तो. पन वाट नको सांगू कोनाला."

"शब्द देतो," हे म्हणाले.

पुतळाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मीही म्हणाले, "नाही सांगणार."

त्या पावसाळ्यात ह्यांनी कादंबरी नव्याने लिहिली आणि खरंच चांगली लिहिली. डास आले, ओल आली, वाघाला बऱ्याच प्रकरणांत रजा मिळाली. काळदरी चांद्यालाच ठेवली. सातव्या दगडाखाली तांब्याची पेटी ठेवली, तिच्यात राजाची नवरत्नं. शब्द दिलेला त्यांनी कसोशीने पाळला. वाटेबद्दल एक ओळ नव्हती.

सप्टेंबरात एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या राजेश्वरीवहिनींनी हाक मारली. आमच्या जिन्यात फोन त्यांच्याकडेच होता. श्यामसुंदरभाऊ बोलत होते.

"वहिनी, मधुकरराव कुठे आहेत? पुस्तक चार पानं कमी भरतंय."

मला काही कळेना. त्यांनी समजावलं. छपाईचा एक फर्मा सोळा पानांचा. दहा फर्मे म्हणजे एकशेसाठ पानं. ह्यांची कादंबरी एकशेछप्पन्नवर संपत होती. शेवटची चार कोरी.

"मग जाहिरात टाका की," मी म्हटलं.

"टाकली असती हो. पण लायब्ररीवाले म्हणतात, गोष्ट कापून जाहिराती भरल्या. तुम्ही त्यांना सांगा, मंडळी खजिना घेऊन परत येतात, तो परतीचा प्रवास चार पानांत लिहा. आमचा बाइंडर पनवेलला राहतो, तो साडेसहाच्या सुमाराला एसटीने कळंबोलीच्या फाट्यावर उतरेल. उद्या सकाळी मशीन लागणार."

मी कारखान्यात फोन केला. गेटवरच्या माणसाने सांगितलं, रिलिव्हर आला नाही, साहेब डबल शिफ्टला थांबणार आहेत, आत फोन जोडता येत नाही. निरोप ठेवते म्हटलं तर म्हणाला, ठेवा, पण देणार कोण.

आता मी काय केलं ते सांगते. मी घरी आले, कुकर लावला, आणि वही ओढली. मला लेखिका व्हायचं होतं असं काही नाही. पण गेली चार वर्षं मी दुसऱ्याची वाक्यं उतरवत होते, आणि आतून कोणीतरी सारखं म्हणत होतं की हे असं नाही, असं आहे. परतीचा प्रवास म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही आलंच नाही. ती वीस मिनिटं आली. सात दगडांकडे पाठ करून निघायचं ते थेट डांबरी रस्त्यापर्यंत. कुठे उतार, कुठे कातळ, कुठलं कुंड, त्याची कुठली पायरी तुटलेली, कुठे झाडं एकदम संपतात आणि समोर दोन धुराडी दिसतात, एकीतून पांढरा धूर आणि एकीतून पिवळा. मोहिमेतली पाचही माणसं तिथे थबकतात, कारण इतके दिवस ज्याला ती जगाचा शेवट समजत होती, ते रान भोंग्याच्या हाकेवर होतं. (या खुणा मी इथे बदलून लिहिल्या आहेत. जायचा विचार असेल तर घरीच बसा.)

चांद्याच्या जंगलात धुराडी कुठून आली, हा प्रश्न मला पडला नाही. कुकरच्या चार शिट्ट्या कधी झाल्या तेही कळलं नाही, खिचडी करपली. साडेसहाला मी फाट्यावर उभी होते आणि माझ्या हातात चार पानं होती. इतकी खूश मी पुन्हा फार क्वचित झाले असेन.

दिलेला शब्द? खरं सांगते, आठवलाच नाही. वाट म्हणजे जायची वाट, असंच माझ्या डोक्यात. ही तर परतायची.

हे घरी आले तेव्हा मी सांगितलं. म्हणाले, "चार पानंच ना, असू दे," आणि झोपले. पुस्तक हातात आल्यावर त्यांनी आपली एकशेछप्पन्न वाचली. शेवटचं प्रकरण त्यांनी नुसतं चाळलं असणार. पुरुष बायकोची पत्रंसुद्धा चाळतात.

पुस्तक चाललं. त्या काळी वाशी, नेरूळ, पनवेल, सगळीकडे नव्या वसाहतींत लायब्ऱ्या निघाल्या होत्या. केबल सगळ्या घरांत पोचली नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं, संध्याकाळी करायचं काय, तर वाचायचं. डिसेंबरात श्यामसुंदरभाऊंनी वाचकांची पत्रं एका पाकिटात घालून पाठवली. एकोणीस होती. हे मोठ्याने वाचायला लागले आणि सहाव्या पत्रानंतर मनात वाचायला लागले. कारण प्रत्येकाने शेवटच्या प्रकरणावरच लिहिलं होतं. 'परतीची वाट वाचताना पाय चालू लागले.' 'शेवटची चार पानं बाकीच्या लेखनापेक्षा निराळीच आहेत.' हे उठून दूध आणायला गेले. दूध सकाळीच येऊन गेलं होतं.

परत आल्यावर म्हणाले, "तुझ्या चार पानांनी माझी एकशेछप्पन्न खाल्ली." मग स्वतःच हसले. तो माणूस मनाने मोठा होता. मी मात्र ती पत्रं तांदळाच्या डब्यामागे ठेवली आणि दुपारी एकटी असताना पुन्हा पुन्हा वाचली.

जानेवारीच्या एका सोमवारी संध्याकाळी नामदेव घरी आला. मी चहा टाकला. तो उभाच राहिला.

"वहिनी, चाय नको."

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा नको म्हणाला.

लायब्ऱ्यांमधून ते पुस्तक कोण वाचत होतं? तळोज्यात आणि आसपास नोकऱ्या करणारीच माणसं. रोज तीच धुराडी बसच्या खिडकीतून बघणारी आणि तोच भोंगा ऐकून घरी जाणारी. चांदा वगैरे त्यांनी बाजूला ठेवलं. नेरूळच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, दोन बँकवाले आणि एक रिटायर्ड ओव्हरसियर अशी मोहीम रविवारी निघाली, वॉचमनची कुदळ घेऊन, डबे घेऊन. शेवटचं प्रकरण हातात धरून शेवटापासून सुरुवातीकडे वाचत गेले. आधी रस्ता, मग धुराडी, मग कुंड. परतीची वाट उलटी धरली की जायची होते, एवढं त्या शिकलेल्या माणसांना कळलं आणि मला कळलं नव्हतं. सातव्या दगडाभोवती त्यांनी कमरेएवढा खड्डा केला. पुढच्या रविवारी दुसरे आले. त्यांनी चूल पेटवली, त्या रानातलंच लाकूड घालून.

"पोरा मारायलाच निंगालती," नामदेव म्हणाला. "मी आरवा आलो. नोकरदार मानसा ती, कुठं हात लावता. पन पंच बोलले, परक्याला आत पयला कोन नेला? आयशीनी नेला. चैतापर्यंत ह्यो थांबला नाय, तर यंदाचा दिवा दुसऱ्या घरानी लावायचा." मग ह्यांच्याकडे बघून त्याने विचारलं, "मधुकरभाऊ, तुमी शब्द दिलता ना?"

शब्द त्यांनी मोडला नव्हता, पण त्यांनी माझ्याकडे बोट केलं नाही. "हो, दिला होता," एवढंच म्हणाले. नामदेव वळून जिना उतरायला लागला. मी त्याच्यामागे दोन पायऱ्या गेले आणि सांगितलं, "ती पानं माझी आहेत, नामदेवभाऊ. ह्यांची नाहीत." तो थांबला, मग उरलेला जिना उतरून गेला. दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये तो वेगळ्या बाकावर बसायला लागला. ह्यांचा डबा अर्धा परत यायला लागला.

आणि त्याच आठवड्यात श्यामसुंदरभाऊंचा फोन आला, दुसरी आवृत्ती काढतोय. वाचनालयांकडून मागणी होती. हे म्हणाले, शेवटची चार पानं काढा. भाऊ म्हणाले, "मधुकरराव, राग मानू नका, ती चार पानं आहेत म्हणून दुसरी आवृत्ती आहे. त्याशिवाय मी काढणार नाही. मार्चअखेर कळवा."

म्हणजे एवढंच होतं सगळं. पानं ठेवली तर पुतळाबाईंचा मान जातो. काढली तर ह्यांचं पुस्तक तिथेच संपतं, आणि माझं जे काही होतं तेही.

मला ती काढायची नव्हती. खोटं कशाला बोलू. मी मधली वाट काढायचा प्रयत्न केला. धुराड्यांच्या जागी देवळाचा कळस टाकला, कुंडाच्या जागी विहीर, उतार उजवीकडचा डावीकडे नेला. तीन दुपारी बसले. वाचून बघितलं तर ते कोणीही लिहिलं असतं. अंबाडा न सुटणारी बाई त्यातून चालत गेली असती तरी चाललं असतं. तेव्हा मी ठरवलं की पुतळाबाईंकडे जायचं, पाय धरायचे, आणि जमलं तर विचारायचं की पानं ठेवू का. बघा, माफी मागायला निघाले होते तेव्हाही मनात हे होतंच.

आम्ही दोघं रविवारी गेलो. पुतळाबाई घरी नव्हत्या. रानाच्या कडेला, उन्हात, एका दगडावर बसलेल्या सापडल्या. दर रविवारी अशाच बसत होत्या, येणाऱ्याला हात जोडून परत पाठवायला. शेजारी पाण्याची कळशी. मी पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही.

"पुस्तक हाय?" त्यांनी विचारलं.

माझ्या पिशवीत होतं.

"वाच. मना कोनी वाचून नाय दाखवला. काय लिवलाय त्याच्यान, की मानसा घरदार सोरून येतान?"

मी खाली मातीत बसले आणि वाचायला लागले. हे थोडे लांब उभे होते. पुतळाबाईंनी डोळे मिटून घेतले. उतार आला, कातळ आला. कुंडाच्या तिसऱ्या पायरीशी त्यांनी हात वर केला.

"तिसरी नाय. चवथी."

"चौथी," मी म्हटलं, आणि पेन्सिलने तिथे दुरुस्त केलं. का केलं कोणास ठाऊक. मग पुढे वाचलं, झाडं संपतात तिथपर्यंत, धुराड्यांपर्यंत, रस्त्यापर्यंत. संपलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. तशाच म्हणाल्या, "मी पन्नास वर्सां रोज जातंय. मना असा सांगता नसता आला." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "खरा लिवलास, बाय. मनूनच काढ. खोटा असता तर ऱ्हाला असता तरी चालला असता."

एकोणीस पत्रांत जे नव्हतं ते मला तिथे मिळालं, आणि त्याच वाक्यात ते गेलंही. मी रडले. पुतळाबाईंनी कळशीतलं पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः राजेश्वरीवहिनींच्या फोनवरून कळवलं, पानं काढा नाहीतर आवृत्ती नको. श्यामसुंदरभाऊ म्हणाले, मग नको. ह्यांनी ऐकलं आणि मान हलवली. त्यानंतर त्यांनी कधी कादंबरी लिहिली नाही. मी विचारलं की म्हणायचे, "लॅबमधली वही भरता भरता हात दुखतो गं." मला माहीत होतं हात दुखत नव्हता.

पण सुटीचे दिवस आम्हाला भरपूर काम होतं. लायब्ऱ्यांतल्या प्रती गोळा करायच्या होत्या. वाशी, कोपरखैरणे, नेरूळ, पनवेल. मी पदराखाली ब्लेड लपवून न्यावं असं ह्यांचं मत होतं, आयुष्यभर रहस्यकथा वाचल्याचा परिणाम. शेवटी ह्यांनीच सरळ सांगितलं, मी लेखक, चूक झालीय, ही चार पानं काढून द्या. बहुतेक सगळ्यांनी दिली. एका लायब्ररीवाल्या बाईंनी पानं कापताना त्यातलं अर्धं पान उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, हेच तर चांगलं आहे." हे म्हणाले, "माहितेय." तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी जपून ठेवली आहे.

फेब्रुवारीत माणसं येणं कमी झालं, मार्चमध्ये थांबलं. चैत्राच्या जत्रेचा दिवा पुतळाबाईंनी लावला. दुसऱ्या दिवशी नामदेव प्रसादाचा नारळ घेऊन आला आणि न सांगता खुर्चीत बसला. मी चहा टाकला. तो दोन कप प्यायला.

कापलेली पानं मी सगळी बंबात घातली, माझ्या प्रतीतली सुद्धा. ठेवली असती तर मी ती कोणाला तरी दाखवली असती. स्वतःला मी तेवढी ओळखते.

नव्याण्णव साली, दिवाळीनंतर, नामदेवचा फोन आला. तोवर आमच्याकडेही फोन आला होता. पुतळाबाई चार महिने अंथरुणाला खिळल्या होत्या, कमरेखाली हलता येत नव्हतं. "वाचनाऱ्या बायला बोलाव, असा सारखा बोलते," तो म्हणाला. मी निघाले. खिडकीतून बघत होते, तर माळ जाऊन इमारती आलेल्या, डोंगराचा एक कोपरा खडीसाठी फोडलेला. बसमध्ये शेजारची बाई म्हणाली, किती सुधारलं ना सगळं. मी हो म्हटलं.

पुतळाबाई खाटेवर इतक्याशा झाल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला.

"वाच."

"पुस्तक नाही, आजी. पानं मी जाळली."

"मना म्हाईत हाय. पन तुजी हायत ना? तुना येत असतील."

येत होती. चारच्या चार, स्वल्पविरामासकट. पाच वर्षांत मी ती मोठ्याने म्हटली नव्हती, पण भाजी चिरताना, जाईची वेणी घालताना मनात म्हणत आले होते. मी खाटेवर त्यांच्या उशाशी बसले, घसा साफ केला आणि सुरू केलं, "सात दगडांकडे पाठ करून..."

पुतळाबाईंनी माझा हात दाबला.

"तसा नको. तसा म्हंजे बाहेर येतंय मी." त्यांनी दम घेतला. "उलटा सांग. मना जायाचा हाय."

नामदेव दारात उभा होता, तो तोंड फिरवून बाहेर गेला. मी डोळे पुसले. मग शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली. आधी डांबरी रस्ता. रस्त्यावरून उतरून गवतातली पायवाट. धुराड्यांकडे पाठ. पहिलं झाड, दुसरं झाड, ऊन बंद. पुतळाबाईंचे डोळे मिटलेले होते आणि ओठ माझ्याबरोबर हलत होते. कुंडापाशी मी थांबले, चौथ्या पायरीचं सांगितलं, जपून टाका पाय म्हटलं. त्यांनी पांघरुणाखाली पाय हलवायचा प्रयत्न केला. मी आणखी सावकाश सांगायला लागले, कातळ, मग चढ, मग पाचोळा, त्यांना दम लागू नये म्हणून.